आदिवासींचं मन पुरे, आता खात्याचं मन तपासा

ऑस्ट्रेलियाच्या सरकारला आपल्या आदिवासींच्या मनाची अवस्था माहीत नाही, असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. माहिती त्यांच्याकडे पोत्यानं आहे. १९८९चं राष्ट्रीय ॲबोरिजिनल आरोग्य धोरण आहे. कोठडीतल्या मृत्यूंवरचा १९९१चा रॉयल कमिशनचा अहवाल आहे. १९९५ साली खास मानसिक आरोग्यावर झालेला ‘वेज फॉरवर्ड’ आहे, १९९७चा ‘ब्रिंगिंग देम होम’ आहे. त्यानंतरच्या अहवालांची यादी द्यायला बसलो तर हा लेख तिथंच संपेल. तरीही विद्यापीठातून कोवळी पोरं उचलून सरकारी खात्यात इंटर्न म्हणून बसवली जातात आणि त्यांना सांगितलं जातं, जरा शोधून काढा, ही माणसं इतकी खचलेली का आहेत.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो भाचीमुळे. ती मेलबर्नला सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिला बारा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली, एका सरकारी खात्यात. खात्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिला अजून तिथं नोकरी शोधायची आहे. काम असं की ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या तरुणांचं मानसिक आरोग्य आणि स्वास्थ्य यावर आजवर जे संशोधन झालं, त्याचा वीस पानी आढावा करायचा आणि त्यातून वरिष्ठांसाठी दोन पानांचं टिपण काढायचं. बारा आठवड्यांत एकाही ॲबोरिजिनल माणसाशी बोलायची सोय नव्हती. तशी मुलाखत घ्यायची तर नैतिक समितीची परवानगी लागते, आणि परवानगी यायलाच बारा आठवड्यांहून जास्त लागतात. मी तिला विचारलं, काम कसं चाललंय? म्हणाली, “मामू, जे शोधतेय ते सगळं सापडतंय. अडचण तीच आहे.”

माझा राग त्या पोरांवर नाही. वाचायला मिळतं, शिकायला मिळतं, चार पैसे मिळाले तर तेही बरेच. राग आहे तो या पद्धतीवर, जिच्यात आधीच लिहिलेलं परत लिहून घेण्याला धोरणाची तयारी म्हणतात.

काय काय आधीच लिहिलेलं आहे ते बघा. आरोग्य म्हणजे एकट्या माणसाचं शरीर ठणठणीत असणं एवढंच नाही, तर त्याच्या सगळ्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक जगणं धड असणं, ही मांडणी १९८९च्या धोरणात आहे. पुढे पॅट डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांसारख्या ॲबोरिजिनल मानसशास्त्रज्ञांनी ती आणखी नेमकी केली. त्यांच्या मांडणीत माणसाचं स्वास्थ्य सात नात्यांवर उभं असतं : शरीराशी, मनाशी, कुटुंबाशी, समाजाशी, संस्कृतीशी, पूर्वजांच्या आत्मिक जगाशी आणि ‘कंट्री’शी. ही ‘कंट्री’ म्हणजे देश नव्हे आणि सातबाऱ्यावरची जमीनही नव्हे. आपल्याकडचा ‘वतन’ हा शब्द त्याच्या थोडा जवळ जातो. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जुन्या मराठीत वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जमिनीवरचा हक्क आणि त्याबरोबर आलेली जबाबदारी. दोन्ही अर्थ एकत्र केले की त्यांना काय म्हणायचंय ते कळू लागतं. ज्या माणसाचं वतन गेलं, त्याला गोळ्या देऊन मन ताळ्यावर येईल का, असा त्यांचा साधा प्रश्न आहे. तो विचारून तीस-पस्तीस वर्षं झाली.

आता किंबर्लीकडे या. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा हा विस्तीर्ण, विरळ वस्तीचा भाग. तिथल्या २२ ॲबोरिजिनल माणसांच्या मृत्यूंची चौकशी करून कोरोनर ॲलिस्टर होप यांनी २००८ साली अहवाल दिला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१९ साली, दुसऱ्या कोरोनर रॉस फोग्लियानी यांनी त्याच किंबर्लीतल्या १३ मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूंवर अहवाल दिला. त्यातली सगळ्यात लहान मुलगी दहा वर्षांची होती. दुसऱ्या अहवालातही मुळाशी सापडलं ते पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं दुःख आणि गरिबी. जे आधी माहीत नव्हतं असं त्यात काय होतं? मधल्या अकरा वर्षांत नवी म्हणावी अशी माहिती एवढीच, की आणखी १३ जण गेले.

आज देशपातळीवर ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट समाजात आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आहे. २०२०च्या ‘क्लोजिंग द गॅप’ करारात हे प्रमाण शून्याकडे नेण्याचं उद्दिष्ट लिहून ठेवलंय, आणि आकडा त्या दिशेनं सरकताना दिसत नाही.

भाचीच्या आढाव्यात एक तक्ता होता, धोक्याच्या घटकांचा. दारू, बेकारी, घरातली मारहाण, शाळा सुटणं, कुटुंबातला तुरुंगवास, बालपणी घरापासून ताटातूट. मी तो तक्ता दोनदा वाचला. ‘कुटुंबातला तुरुंगवास’ म्हणजे जणू मधुमेहासारखं काहीतरी, रक्तातून आलेलं! तुरुंगात कुणी घातलं, कशासाठी घातलं, याचा पत्ता नाही. ‘ताटातूट’ कुणी केली? साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारनं आणि मिशनांनी ॲबोरिजिनल मुलं आईबापांपासून काढून नेली. ‘ब्रिंगिंग देम होम’चा अंदाज असा की त्या काळात दर दहा मुलांमागे किमान एक आणि कमाल तीनामागे एक असं नेलं गेलं. शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो, ज्यात कर्ता मागे सरकतो. सरकारी भाषेनं एक पाऊल पुढं टाकून कर्त्याला वाक्यातून हद्दपारच केलं. मुलं ‘दुरावली’, माणसं ‘कैदेत आढळली’, जमिनी ‘गेल्या’. मग उरतं काय? एक खचलेला माणूस, आणि त्याच्यासमोर सर्वेक्षणाचा कागद घेऊन बसलेलं सरकार.

आणि हे सगळं इतिहासजमा झालंय असंही नाही. सरकारी देखरेखीत कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलांपैकी दहातली चाराहून अधिक आजही ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट समाजातली आहेत. देशाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आत असलेला हा समाज तुरुंगात साधारण एकतृतीयांश आहे. रॉयल कमिशननं १९८०च्या दशकातल्या ९९ मृत्यूंची चौकशी करून ३३९ शिफारशी केल्या होत्या. त्यात तुरुंग हा शेवटचा उपाय असावा हे होतं, आणि या लोकांना स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ द्या हेही होतं. त्यानंतर कोठडीत ५००हून अधिक ॲबोरिजिनल माणसं मेली.

अहवालाचं काय होतं, याची सगळ्यात कडवट गोष्ट २००७ची. नॉर्दर्न टेरिटरीतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबाबत ‘लिटल चिल्ड्रन आर सेक्रेड’ नावाचा अहवाल आला. त्यात ९७ शिफारशी होत्या, आणि पहिल्याच शिफारशीत ॲबोरिजिनल समाजांशी खरंखुरं सल्लामसलत करा असा आग्रह होता. केंद्र सरकारनं काय केलं? काही दिवसांत ‘इंटरव्हेन्शन’ जाहीर करून लष्कर पाठवलं. वंशभेदविरोधी कायदा त्यापुरता बाजूला ठेवला. लोकांच्या सरकारी भत्त्याचा अर्धा हिस्सा अडवला, तो ठरावीक दुकानांत, ठरावीक वस्तूंवरच खर्च करता येईल अशी अट घातली. पुढे त्यासाठी एक कार्डच आलं. अहवाल लिहिणाऱ्यांनीच नंतर सांगितलं की सरकारनं जे केलं त्याचा आमच्या शिफारशींशी मेळ नाही. म्हणजे अहवाल फळीवर धूळ खात पडतो ही झाली बरी अवस्था. वाईट अवस्थेत तो छडी म्हणून वापरला जातो, आणि ज्यांनी विश्वासानं आपलं दुखणं सांगितलं त्यांच्याच पाठीवर पडतो. अशा अनुभवानंतर पुढच्या वेळी कुणी वही घेऊन दारात आला तर त्या बाईनं तोंड का उघडावं?

तोच प्रदेश, पुढचा प्रसंग. बालसुधारगृहांत मुलांना कसं वागवतात याची दृश्यं २०१६ साली टीव्हीवर दिसली, देश हादरला, रॉयल कमिशन बसलं. २०१७च्या अहवालानं सांगितलं की दहा वर्षांच्या मुलाला गुन्हेगार ठरवू नका, वय किमान बारा करा. २०२३ साली ते बारा झालं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारनं ते परत दहावर आणलं. दहा वर्षांच्या पोराला डांबल्यानं त्याच्या मनाचं काय होतं यावर तिथं संशोधन कमी आहे का? भाचीच्या संदर्भयादीत त्यावरच कितीतरी लेख होते. मग तिच्या दोन पानी टिपणानं कुठला मंत्री काय नवं शिकणार होता?

इथं एक परदेशी दाखला द्यायलाच हवा, कारण तो या सगळ्या आढाव्यांत असतो आणि तरी कुणी त्याचा अर्थ घेत नाही. कॅनडात मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी समाजांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की सरसकट ‘आदिवासी आत्महत्या करतात’ असं म्हणणंच खोटं आहे. कितीतरी समाजांत अभ्यासाच्या काळात एकही तरुण गेला नव्हता, काहींत मात्र प्रमाण भयंकर होतं. फरक कशाचा? स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन, संस्कृतीची स्वतःची जागा, या गोष्टी जिथं लोकांच्या स्वतःच्या हातात होत्या तिथं मुलं जगत होती. जितक्या जास्त गोष्टी हातात, तितके मृत्यू कमी. सहाच्या सहा जिथं होत्या, तिथं शून्य. अशा निष्कर्षावरून समुपदेशकांची संख्या वाढवा एवढंच सुचत असेल तर तो वाचणाऱ्याचा दोष आहे. त्यातून निघणारं औषध आहे सत्तेचा वाटा. आणि तो द्यायचा म्हणजे कुणाच्या तरी हातातून काढून घ्यायचा, म्हणून त्याऐवजी आणखी एक आढावा.

ऑस्ट्रेलियातही याचा पुरावा घरातच आहे. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला, कारण बाहेरच्या दवाखान्यांत त्यांना मिळणारी वागणूक त्यांना ठाऊक होती. आज समाजाच्या स्वतःच्या नियंत्रणातल्या अशा आरोग्यसंस्था देशभर १४०हून अधिक आहेत. त्यांना कुणी इंटर्नकरवी शोधलं नव्हतं.

२०१७च्या उलुरू निवेदनानं फार काही मागितलं नव्हतं. संसदेला सल्ला देणारं एक मंडळ, राज्यघटनेत नोंद असलेलं. सल्ला, हुकूम नव्हे. आपल्याकडे शूराचं महत्त्व लहानपणापासून ऐकवतात. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांना विचारायचं, यात धर्म लागतो असंही नाही, शहाणपण पुरतं. १४ ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी ते नाकारलं. दुर्गम आदिवासी वस्त्यांतल्या मतपेट्यांमधून मात्र भरभरून ‘हो’ निघालं. इथं सरकारनं विचारलं आणि बहुसंख्याकांनी नाही म्हटलं, हे नोंदवायला हवं. पण त्या नकाराचा त्या मनांवर काय परिणाम झाला, यावर उद्या पुन्हा निधी निघेल, पुन्हा इंटर्न नेमले जातील, हे मी आजच लिहून ठेवतो.

आता आपल्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचं वाटू लागलं असेल. तसा ॲबोरिजिनल लोकांशी मुसलमानांचा संबंध जुना आहे. गोऱ्यांची वसाहत पक्की होण्याच्या आधीपासून सुलावेसीच्या मकास्सरचे मुसलमान दर्यावर्दी समुद्रकाकडी गोळा करायला उत्तर किनाऱ्यावर यायचे, योल्ङू लोकांशी व्यापार करायचे, आणि पैशाला योल्ङू भाषेत आजही ‘रुपिया’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं परवाने बंद करून तो व्यवहार तोडला. वाळवंटात उंट हाकायला नेलेल्या अफगाण, बलुची, पंजाबी उंटवाल्यांपैकी अनेकांनी ॲबोरिजिनल बायकांशी लग्नं केली. पण मला म्हणायचंय ते नातं या जुन्या नात्याहून वेगळं आहे. ते फायलीचं आहे.

आपल्या मोहल्ल्यांतही पोरं वह्या घेऊन येतात. किती मुली आठवीनंतर शाळा सोडतात, घरात संडास आहे का, बँकेत खातं आहे का. एकदा आमच्या गल्लीतल्या एका बुजुर्ग बाईंनी अशा पोरीला चहा पाजला, सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, “बेटा, पिछली बार भी लिख के ले गए थे. उसका क्या हुआ?” पोरगी बिचारी काय सांगणार.

तिच्या वतीनं मी सांगतो. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के, देशाची ६५.१. सनदी सेवेत तीन टक्के, पोलीस सेवेत चार. महाराष्ट्रानं २००८ साली महमूदुर्रहमान समिती नेमली, तिनं २०१३ साली अहवाल दिला. २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयानं शिक्षणातल्या आरक्षणाला अंतरिम मुभा दिली, तरी पुढच्या सरकारनं अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर केलं नाही आणि तो विरून गेला. सच्चर शिफारशींचं काय झालं हे तपासायला कुंडू समिती बसली, तिनंही अहवाल दिला. म्हणजे अहवालाचा अहवाल. सच्चर अहवालात लोकांच्या मनातल्या भीतीवर, ओळखीमुळे होणाऱ्या जाचावर एक अख्खं प्रकरण आहे. दाढी, बुरखा, घर भाड्यानं न मिळणं, एकाच वेळी लाडावलेला आणि देशद्रोही ठरवलं जाणं. आम्ही सगळे टक्केवारीवर भांडत बसलो. मनाच्या त्या प्रकरणावर कुठल्या खात्यानं काय केलं, सांगा.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे. आकडे नसते तर लांगूलचालनाची थाप उघडी पडली नसती, सच्चरमुळेच आपल्याला तोंड मिळालं. खरंय. पहिला अहवाल हत्यार असतो, हे मी नाकारत नाही. ॲबोरिजिनल मुलं पळवल्याचं सरकारी पातळीवर मान्य व्हायला ‘ब्रिंगिंग देम होम’ लागला आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, २००८ साली, पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. पण चौथा, दहावा, चाळिसावा अहवाल कुणाचं हत्यार असतो? तो वेळ काढण्याचं साधन असतो. मंत्री सांगू शकतो, आम्ही अभ्यास करतो आहोत.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. इंटर्नशिपमधूनच ॲबोरिजिनल मुलं-मुली खात्यांत शिरतात, उद्या तेच अधिकारी होतील. व्हावेतच. पण त्या मुलीला खात्यात बसवून तिच्याच आजीच्या दुःखाचा ‘संदर्भ-साहित्य आढावा’ करायला लावणं, आणि आजीनं तिला जे सांगितलं ते छापील पुरावा नाही म्हणून गाळायला लावणं, ही भरती नव्हे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना खात्यांऐवजी आदिवासींच्या स्वतःच्या संस्थांत पाठवणारे कार्यक्रमही आहेत. तिथं काम संस्था ठरवते, पोरगं हाताखाली राबतं. हे उलटं असणंच मला योग्य वाटतं.

आणि खात्यातच बसवायचं असेल तर इंटर्नला विषय बदलून द्या. खात्याचा अभ्यास करायला लावा. ३३९ शिफारशींपैकी एक घ्यावी आणि ती कुठल्या टेबलावर, कुठल्या वर्षी, कुणाच्या शेऱ्यानं थांबली याचा बारा आठवडे माग काढावा. एका वस्तीसाठी मंजूर झालेल्या पैशातला किती सल्लागारांच्या फीमध्ये गेला ते मोजावं. यासाठी कुठल्या दुखावलेल्या माणसाची मुलाखत लागत नाही, जखम उकरावी लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं २०२४च्या फेब्रुवारीत ‘क्लोजिंग द गॅप’ करारावर जे लिहिलं त्याचा रोख हाच होता : सरकारांनी कबूल केलेले बदल स्वतःत केलेच नाहीत. त्या करारातच लिहिलंय की सरकारी यंत्रणांनी स्वतः बदलायचं, निर्णय वाटून घ्यायचे, समाजाच्या संस्था मजबूत करायच्या आणि माहिती लोकांच्या हाती द्यायची. सह्या झालेल्या आहेत.

भाचीनं आढाव्याला एक परिशिष्ट जोडायचं ठरवलं होतं. डावीकडे जुन्या अहवालांतल्या मानसिक आरोग्याच्या शिफारशी, उजवीकडे त्यांचं काय झालं. उजवा रकाना भरायला तिनं खात्यातच माहिती मागितली. हे कामाच्या कक्षेबाहेर आहे, असं तिला सौजन्यानं सांगण्यात आलं. तिनं परिशिष्ट तरीही जोडलं, उजवा रकाना कोरा ठेवून. टिपण वर गेलं तेव्हा परिशिष्ट त्यात नव्हतं. मी तिला म्हटलं, ते माझ्याकडे पाठव. सच्चर आणि महमूदुर्रहमानच्या शिफारशी घालून तसाच तक्ता मराठीत करतोय. डावा रकाना भरून झाला आहे. उजव्यासाठी या आठवड्यात माहिती अधिकाराचे अर्ज टाकणार आहे, ज्यांना आपल्या जिल्ह्यातून टाकायचे असतील त्यांनी कळवावं.